‘सुकियाकी’ : एका जपानी गीताचा प्रवास

इतिहास म्हटला की राज्ये, लढाया, तह आणि सनदा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. गाण्याच्या तबकडीला इतिहासाच्या दप्तरात सहसा जागा मिळत नाही. ती बाजारात येते, चार महिने घरोघर वाजते आणि पुढल्या हंगामात नवी तबकडी आली की अडगळीत पडते. तथापि विसाव्या शतकाच्या मध्याचा इतिहास लिहिणाऱ्याला या क्षुल्लक वस्तूकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रांमध्ये जे तह झाले त्यांचे कागद आपल्याला वाचावयास मिळतात. परंतु काल एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांतील साध्या माणसांच्या मनात परस्परांविषयी काय चालले होते हे त्या कागदांत लिहिलेले नसते. ते शोधावयाचे तर माणसे काय गात होती आणि काय ऐकत होती, इकडेच कान द्यावा लागतो. अशाच एका छोट्या, मिनिटाला ४५ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची हकिकत आज आपणांस सांगावयाची आहे. ती जपानमध्ये १९६१ साली निघाली. जपानी नागरिकाला केवळ सहलीसाठी परदेशी जाण्याची मुभा १९६४च्या एप्रिलपर्यंत नव्हती. ही तबकडी मात्र त्यापूर्वीच महासागर ओलांडून गेली होती, आणि जाताना तिला आपले नाव मागे ठेवावे लागले होते.

या गीताचे मूळ नाव ‘उए ओ मुइते अरुको’. त्याचा सरळ अर्थ ‘वर पाहत चालू या’ असा होतो. ते तिघांनी घडविले. शब्द रोकुसुके एई यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची आणि स्वर क्यू साकामोतो यांचा. जपानी भाषेत रोकु म्हणजे सहा, हाचि म्हणजे आठ आणि क्यू म्हणजे नऊ. तिघांच्याही नावांत हे आकडे असल्यामुळे ‘सहा-आठ-नऊ’ हे त्रिकूट म्हणून त्यांची ख्याती झाली. साकामोतो यांच्या नावातला नऊचा आकडा तर अन्वर्थक होता, कारण ते आपल्या आईबापांचे नववे अपत्य होते.

तिघांचे पिंड मात्र निरनिराळे होते. एई यांचा जन्म १९३३ साली टोकियोतील आसाकुसा भागात एका बौद्ध मंदिराचे पौरोहित्य करणाऱ्या घराण्यात झाला. तरुणपणीच ते नभोवाणीसाठी लेखन करू लागले आणि पुढे दूरचित्रवाणीकडे वळले. नाकामुरा १९३१ साली चीनमधील छिंगताओ येथे जन्मले आणि युद्धोत्तर जपानमध्ये पियानोवर जॅझ वाजविणारे नामांकित वादक म्हणून पुढे आले. १९४५ ते १९५२ या काळात जपान विजेत्या सैन्याच्या ताब्यात होता. त्या सैन्याच्या तळांवरील क्लबांमधून अमेरिकन संगीताला सतत मागणी असे, आणि पोट भरण्यासाठी तेथे वाजविता वाजविता जपानी वादकांची एक सबंध पिढी त्या संगीतात तयार झाली. जेत्यांच्या करमणुकीसाठी शिकलेली ही विद्या पुढे त्या पिढीने आपल्या रक्तात मुरविली. एई आणि नाकामुरा या जोडीने ‘कुरोई हानाबिरा’, म्हणजे ‘काळ्या पाकळ्या’, हे गीत केले होते. जपानी ध्वनिमुद्रिकांसाठी १९५९ साली सुरू झालेल्या पारितोषिकाचे पहिले मानकरी तेच ठरले. साकामोतो या दोघांहून लहान. त्यांचा जन्म १० डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अवघ्या दोनतीन दिवसांत, कावासाकी या कारखान्यांच्या शहरात झाला. शाळकरी वयात एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांनी त्यांना वेड लावले. तबकडी निघाली तेव्हा त्यांना विसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

आता या गीताचे बीज कोठे आहे ते पाहू. १९५१ साली जपानने अमेरिकेशी जो सुरक्षाविषयक करार केला होता, त्यात अमेरिकन सैन्याला जपानमध्ये तळ ठेवण्याची सवलत होती. जपानमधील अंतर्गत दंगे मोडण्यासाठीसुद्धा त्या सैन्याचा उपयोग करता येईल असे एक कलम त्यात होते. हा करार बदलून नवा करार जानेवारी १९६० मध्ये वॉशिंग्टन येथे झाला. अंतर्गत दंग्यांचे कलम गेले, पण तळ राहिलेच. ज्या देशाने हिरोशिमा आणि नागासाकी पाहिले होते त्या देशातील लक्षावधी माणसांना असे वाटले की, या तळांपायी आपण पुन्हा एखाद्या परक्या युद्धात ओढले जाऊ. त्यातून पंतप्रधान होते नोबुसुके किशी. युद्धकाळातील तोजो मंत्रिमंडळाचे ते सदस्य होते आणि युद्धानंतर संशयित युद्धगुन्हेगार म्हणून तीन वर्षे अटकेत राहून खटल्याविना सुटले होते. अशा माणसाने १९ मे १९६०च्या रात्री विरोधी सभासदांना पोलिसांकरवी सभागृहाबाहेर काढून कराराला मंजुरी मिळविली, तेव्हा प्रश्न केवळ कराराचा राहिला नाही; नवी लोकशाही टिकते की नाही असा झाला. कामगार, विद्यार्थी, प्राध्यापक, गृहिणी, दुकानदार अशी माणसे रस्त्यावर आली. १५ जून १९६० रोजी संसदेच्या आवारात विद्यार्थी आणि पोलीस यांच्यात झटापट झाली, आणि तीत टोकियो विश्वविद्यालयाची मिचिको कांबा ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी मरण पावली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची ठरलेली जपानभेट रद्द करावी लागली. किशी यांनी पुढे राजीनामा दिला. परंतु १९ जूनच्या मध्यरात्री, बाहेर प्रचंड जमाव उभा असताना, मुदत संपली आणि करार आपोआप संमत झाला. लोक आले तसे घरी परतले.

त्या परतणाऱ्यांत सत्तावीस वर्षांचे एई हेही होते. चळवळीत त्यांनी भाग घेतला होता, आणि तिच्या अपयशाने खचलेल्या मनाने चालत घरी जाताना या गीताची कल्पना त्यांना सुचली, अशी त्याची जन्मकथा सांगितली जाते. आता गंमत पाहा. या गीतात करार नाही, संसद नाही, मोर्चा नाही, कोणाचा धिक्कार नाही. एक माणूस रात्री एकटा रस्त्याने चालला आहे. डोळ्यांतले पाणी गालांवर ओघळू नये म्हणून त्याने मान वर केली आहे. निरनिराळ्या ऋतूंतील दिवस त्याला आठवतात. सुख कोठे तरी उंच, ढगांच्या पलीकडे आहे असे त्याला वाटते. तो का रडतो आहे हे मात्र कवीने सांगितलेले नाही. कारण वगळून केवळ दुःख ठेवावयाचे, हा कवीने केलेला निर्णय या सबंध इतिहासात सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याला मोर्चा आठवत होता त्याने मोर्चा आठवावा, ज्याचे कोणी निवर्तले होते त्याने त्या व्यक्तीसाठी रडावे, आणि खेड्यातून टोकियोच्या कारखान्यात आलेल्या पोराने आपल्या घराची आठवण काढावी, इतकी मोकळी जागा त्या शब्दांत राहिली.

नाकामुरा यांनी त्याला दिलेली चाल हा दुसरा विचार करण्याजोगा विषय. दुःखाचे शब्द पाहून कोणीही संगीतकार संथ, रडवी चाल करील. नाकामुरा यांनी चालणाऱ्या पावलांची लय घेतली. ती बऱ्यापैकी चपळ आहे. तिच्यात मरगळ नाही. साथीला लाकडी पट्ट्यांवर वाजणाऱ्या वाद्याचे टपटप पडणारे स्वर आहेत, तंतुवाद्यांचा मेळ आहे, आणि शेवटी शब्द थांबून नुसती शीळ ऐकू येते. रात्री एकट्याने रस्ता कापणारा माणूस धीर येण्यासाठी शीळ घालतो, तशीच ती आहे. तिच्यामुळे सबंध चित्र पुरे होते.

आपल्या कानांना ही चाल परकी वाटत नाही, यालाही एक कारण आहे. जपानमध्ये मेइजी राजवटीत पाश्चात्त्य सप्तक आणि देशी स्वर यांची सांगड घालताना ‘योनानुकी’ नावाची एक स्वरपंक्ती रूढ झाली. योनानुकी म्हणजे चौथा व सातवा स्वर वगळलेली. मध्यम आणि निषाद वगळले की उरतात षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम आणि धैवत. म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. जपानी शाळांतील गीते आणि लोकप्रिय गाणी पिढ्यान्‌पिढ्या याच पाच स्वरांवर वाढली. ‘उए ओ मुइते अरुको’ची मुख्य चाल बहुतांशी याच स्वरांत फिरते. राग हा केवळ स्वरांचा समुच्चय नसतो हे खरे. त्यामुळे ते गीत भूपात आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि पहाटेच्या भूपाळ्या ऐकत वाढलेल्या महाराष्ट्रीय कानाला त्यातील ओळखीचे वळण चटकन सापडते. या देशी स्वरांखाली नाकामुरा यांनी जॅझमधील स्वरमेळ घातले. सारांश, घर जपानी आणि त्याचा पाया अमेरिकन, अशी ती रचना झाली.

गायनाविषयी तर या तिघांतच वाद माजला. साकामोतो यांनी शब्द सरळ म्हटले नाहीत. रॉक-अँड-रोल गाणारे गायक स्वराला मध्येच तोडून हिसका देत, तसा हिसका देऊन त्यांनी पहिल्याच शब्दातील स्वर लांबविला आणि त्यात हकारासारखा ध्वनी मिसळला. आपल्या शब्दांची ही मोडतोड ऐकून एई अतिशय नाराज झाले. एवढ्या मनापासून लिहिलेले शब्द, आणि हा पोरगा त्यांची चेष्टा करतो आहे, असेच त्यांना वाटले. कवीची तक्रार समजण्याजोगी आहे. परंतु आज ती तबकडी ऐकताना असे दिसते की, त्या हिसक्यामुळेच तो स्वर हसता हसता हुंदका आवरणाऱ्या माणसाचा वाटतो. ज्याला या गीतामागचा पराभव ठाऊक होता त्याने तो लिहिला, आणि ज्याच्या अंगी एकोणीस वर्षांच्या वयाचा सहज उत्साह होता त्याने तो गायिला. दोघांपैकी एकटा कोणीही हे गीत पुरे करू शकला नसता.

गीत प्रथम १९६१च्या उन्हाळ्यात नाकामुरा यांच्या जलशात सादर झाले. नंतर एनएचके या जपानच्या राष्ट्रीय प्रसारणसंस्थेच्या ‘युमे दे आइमाशो’, म्हणजे ‘स्वप्नात भेटू या’, या दूरचित्रवाणी-कार्यक्रमातून ते घरोघर पोहोचले. ऑक्टोबर १९६१ मध्ये तोशिबा कंपनीने तबकडी काढली. जपानी जनतेने ती उचलून धरली. पुढल्याच वर्षी याच नावाचा चित्रपटही निघाला. वर्षभरापूर्वी रस्त्यावर असलेला देश आता निराळ्या वाटेला लागला होता. किशी यांच्या जागी आलेल्या हायातो इकेदा यांच्या सरकारने दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना जाहीर केली होती. माणसे कामाला जुंपली, घरात दूरचित्रवाणीचा संच आला, कपडे धुण्याचे यंत्र आले. अशा वेळी मान वर करून चालण्याचा उपदेश हा कष्टाळू नागरिकाचा मंत्र म्हणून ऐकला गेला असल्यास नवल नाही. पराभवातून निघालेले गीत उभारीचे गीत ठरले. ते कवीला किती रुचले असेल हा प्रश्नच आहे; पण गीत एकदा लोकांच्या ओठी बसले की त्यावर कवीची मालकी उरत नाही.

येथून या गीताच्या प्रवासाला प्रारंभ होतो. लुई बेंजामिन हे ब्रिटनमधील पाय या ध्वनिमुद्रिका कंपनीचे अधिकारी १९६२ साली जपानमध्ये गेले असता त्यांनी ही चाल ऐकली. ती त्यांना आवडली आणि आपल्या कंपनीसाठी केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाकडून त्यांनी ती शब्दांवाचून वाजवून घेतली. आता नावाचे काय करावयाचे? ‘उए ओ मुइते अरुको’ हे इंग्लंडमधील निवेदकाच्या जिभेवर चढणारे नव्हते. जे निवेदकाला उच्चारता येत नाही ते तो लावीत नाही, आणि जे दुकानात ग्राहकाला मागता येत नाही ते खपत नाही, असा व्यापाराचा हिशेब. म्हणून इंग्रजांना ओळखीचा असलेला एक जपानी शब्द शोधण्यात आला, आणि तबकडीवर नाव छापले गेले ‘सुकियाकी’. सुकियाकी हा खाद्यपदार्थ आहे. लोखंडी भांड्यात गोमांसाच्या पातळ चकत्या, भाज्या आणि तोफू हे सर्व सोयाबीनच्या खारट रसात साखर घालून शिजवितात, त्याला सुकियाकी म्हणतात. गीताचा आणि या पदार्थाचा काडीचाही संबंध नाही. आपल्याकडील एखादी विराणी परदेशात कोणी ‘पिठले-भाकरी’ या नावाने विकावी, तसा हा प्रकार झाला. अमेरिकेतील एका साप्ताहिकाने पुढे याच अर्थाची कोपरखळी मारली होती. ‘मून रिव्हर’ हे अमेरिकन गीत जपानमध्ये मटणाच्या रश्शासारख्या एखाद्या पदार्थाच्या नावाने काढावे, तसेच हे झाले, असा तिचा रोख होता.

केनी बॉल यांची तबकडी १९६३च्या प्रारंभी ब्रिटनमधील खपाच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. तिच्यामागोमाग साकामोतो यांची मूळ तबकडीही तेथे निघाली, आणि तिने सहावा क्रमांक गाठला. तिच्यावरही नाव ‘सुकियाकी’ असेच होते.

अमेरिकेतील कथा याहून विलक्षण आहे. तेथे हे गीत एखाद्या मोठ्या शहरातून पसरले नाही. प्रसिद्ध हकिकत अशी की, वॉशिंग्टन राज्यातील पास्को या लहान गावाच्या केओआरडी नभोवाणी केंद्रावर एका निवेदकाने मूळ जपानी तबकडी वाजविली, आणि श्रोत्यांकडून तिला मागणी येऊ लागली. ती मागणी पाहून कॅपिटॉल कंपनीने अमेरिकेत तबकडी काढली. पास्को हे गाव कोठे आहे? कोलंबिया नदीच्या काठी, हॅनफर्डच्या अणुप्रकल्पाशेजारी. १९४५च्या ऑगस्टमध्ये नागासाकीवर जो बाँब टाकण्यात आला त्यातील प्लुटोनियम याच हॅनफर्डमध्ये तयार झाले होते. ज्या टापूत तो प्रकल्प उभा होता त्याच टापूतील माणसे अठरा वर्षांनंतर एका जपानी तरुणाचे दुःख पुन्हा पुन्हा ऐकण्याची मागणी करीत होती. याला प्रायश्चित्त म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्या श्रोत्यांच्या मनात असे काही असल्याचा कोणताही पुरावा नाही. परंतु इतिहासाने या दोन गोष्टी एकाच नदीकाठी आणून ठेवल्या आहेत, एवढे नमूद करणे अवश्य आहे.

१५ जून १९६३ या तारखेच्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकातील शंभर गीतांच्या यादीत हे गीत पहिल्या क्रमांकावर आले आणि तीन आठवडे तेथे राहिले. कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये प्रिय असलेल्या गीतांची जी निराळी यादी असे, तिच्यातही ते अठराव्या क्रमांकापर्यंत गेले. आशियातील कलावंताला त्या मुख्य यादीत प्रथम स्थान मिळण्याची ही पहिलीच वेळ. पुढील पन्नास वर्षांत दुसरे कोणतेही जपानी गीत तेथे पोहोचले नाही. आता ती तारीख पुन्हा आठवा. १५ जून १९६० रोजी टोकियोत मिचिको कांबा मरण पावली. ज्या चळवळीत तिने प्राण गमावले त्या चळवळीच्या दुःखातून जन्मलेले गीत बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, ज्या देशाशी झालेल्या कराराविरुद्ध ती चळवळ होती त्या देशात सर्वांत लोकप्रिय ठरले. अमेरिकेतील श्रोत्यांना यातील काहीही ठाऊक नव्हते. त्यांना शब्द समजत नव्हते, आणि नाव होते एका खाद्यपदार्थाचे.

मग त्यांनी ऐकले तरी काय? या प्रश्नाला दोन उत्तरे देता येतील, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिले उत्तर असे की, संगीताला भाषेची गरज नसते. मान वर करून आसवे आवरणारा माणूस त्यांना शब्दांविना भेटला. स्वरातील हुंदका आणि शेवटची शीळ कोणत्याही कोशात पाहावी लागत नाही. १९४२ साली याच अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत डांबले होते, आणि त्यांतील बहुसंख्य लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्या गोष्टीला दोन तपेही झाली नव्हती. अशा देशात नभोवाणीवरून दिवसातून अनेकदा जपानी भाषा ऐकू येते आणि तिचे कोणाला भय वाटत नाही, ही काही लहान घटना नव्हे.

दुसरे उत्तर कडू आहे. श्रोत्यांनी गीत स्वीकारले, पण गीतामागचा माणूस आणि त्याचा देश त्यांनी किती जाणून घेतला? जपानी म्हणजे काही तरी नाजूक, गोड, चमचमीत, ही समजूत ‘सुकियाकी’ या नावाने अधिकच दृढ केली. कॅपिटॉल कंपनीने साकामोतो यांची पुढची तबकडी काढली ती ‘चायना नाइट्स’. जपानी सैन्य चीनमध्ये घुसले होते त्या काळात, १९३८ साली, जपानमध्ये गाजलेले ‘शिना नो योरु’ हे ते गीत. चिनी माणसाला त्याचे नाव ऐकताच आक्रमणाची आठवण यावी, असे. अमेरिकन सैनिकांनी जपानमधील वास्तव्यात ते ऐकले होते, म्हणून तेथे ते ओळखीचे. एक गीत लोकशाहीसाठी रस्त्यावर आलेल्या माणसाचे, आणि दुसरे युद्धखोर साम्राज्याच्या काळातले; परंतु व्यापाराच्या दृष्टीने दोन्ही सारखीच, दोन्ही ‘पूर्वेकडची’. ते दुसरे गीत अठ्ठावन्नाव्या क्रमांकापुढे गेले नाही, आणि साकामोतो यांना तेथे तसे यश पुन्हा मिळाले नाही.

ऑगस्ट १९६३ मध्ये साकामोतो अमेरिकेस गेले, आणि स्टीव्ह ॲलन यांच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात त्यांनी ते गीत गायिले. १९६४ साली दहा लक्षांवर खपाबद्दल कॅपिटॉलने त्यांना टोकियोत सुवर्ण-तबकडी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोकियोत ऑलिंपिक सामने भरले आणि जगाने नवा जपान प्रत्यक्ष पाहिला. जगाला त्या जपानचा आवाज मात्र वर्षभर आधीच ऐकू गेला होता.

पुढे या गीताला नवे शब्दही मिळाले. ‘अ टेस्ट ऑफ हनी’ या कृष्णवर्णीय गायिकांच्या जोडीतील जॅनिस-मरी जॉन्सन यांनी त्यासाठी इंग्रजी शब्द लिहिले, आणि कोतो या जपानी तंतुवाद्याची साथ घेऊन केलेली ती तबकडी १९८१ साली मुख्य यादीत तिसऱ्या आणि कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. त्या शब्दांत ते प्रियकराच्या वियोगाचे गीत झाले. एई यांनी जी जागा रिकामी ठेवली होती तिच्यात इंग्रजी शब्दांनी एक ठराविक कारण बसविले. नाव मात्र पूर्वीचेच राहिले. बाजाराने दिलेले नाव एकदा चिकटले की ते निघणे कठीण.

१२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून ओसाकाला निघालेले जपान एअर लाइन्सचे विमान गुन्मा प्रांतातील डोंगरावर कोसळले. त्यातील ५२४ माणसांपैकी ५२० मृत्युमुखी पडली. क्यू साकामोतो त्यांत होते; त्यांचे वय अवघे ४३ वर्षांचे. नाकामुरा १९९२ साली गेले आणि एई २०१६ साली. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि समुद्राची महाभयंकर लाट आली, तेव्हा अनेक कलावंतांनी दूरचित्रवाणीवरून एकेक ओळ वाटून घेऊन हे गीत पुन्हा गायिले. घरेदारे आणि माणसे गमावलेल्या लोकांना त्यात आपली जागा सापडली, कारण कवीने पन्नास वर्षांपूर्वी ती कोणासाठीही राखून ठेवलेली नव्हती.

श्रोतेहो, महाराष्ट्रापासून दूर, परप्रांतात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना शब्द न कळणाऱ्या गाण्याचा अनुभव नवा नाही. शेजारच्या घरातून तमिळ, बंगाली किंवा पंजाबी गाणे कानी येते, चाल मनात भरते, आणि आपण ती गुणगुणू लागतो. तो आनंद खराच असतो. या जपानी गीताचा इतिहास एवढेच सुचवितो की, त्या आनंदानंतर शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून, ‘या गाण्याचे नाव काय आणि यात काय सांगितले आहे?’ असे विचारावयास हरकत नसावी. १९६३ साली लक्षावधी लोकांनी एका माणसाचे रडणे ऐकले आणि त्याच्यावर प्रेम केले. तो का रडतो आहे, हे त्यांपैकी फारच थोड्यांनी विचारले.